भाडेकरार ई-नोंदणी (महाराष्ट्र)

भाडेकरार ई-नोंदणी ही महाराष्ट्र शासनाच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन सेवा आहे. घर, दुकान किंवा गाळा वापरण्यास देण्याच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी या सेवेद्वारे दुय्यम निबंधक कार्यालयात न जाता करता येते. कराराचा मसुदा, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, पक्षकारांची ओळख, छायाचित्रे, अंगठ्यांचे ठसे आणि साक्षीदारांची माहिती हे पूर्वी वेगवेगळ्या कागदांवर असणारे घटक येथे एकाच ऑनलाइन अर्जात एकत्र येतात. ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. विभागाचे प्रमुख नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक असून त्यांचे कार्यालय पुणे येथे आहे.

मुंबई महानगर प्रदेशात, विशेषतः वसई-विरारसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरांत, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी असल्यामुळे या सेवेचा सामान्य नागरिकांशी रोजचा संबंध येतो. नोंदणीकृत करार हा केवळ मालक व भाडेकरू यांच्यातील व्यवहाराचा पुरावा नसतो. मुलांच्या शाळाप्रवेशापासून बँक खात्यापर्यंत अनेक ठिकाणी तो भाडेकरूच्या निवासाचा पुरावा म्हणून मागितला जातो.

पार्श्वभूमी

मुंबई प्रांतात भाडेकरूंना संरक्षण देणारा भाडे नियंत्रण कायदा १९४७ मध्ये झाला. त्यात भाडे गोठवले गेले आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड झाले. त्यामुळे अनेक मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी 'लायसन्स' म्हणजे केवळ वापराची परवानगी देण्याचा मार्ग स्वीकारला. भाडेपट्ट्यात जागेमध्ये हितसंबंध निर्माण होतो, तर लायसन्समध्ये जागेचा ताबा कायद्याच्या दृष्टीने मालकाकडेच राहतो व दुसऱ्या व्यक्तीला ती वापरण्याची मुभा मिळते. लायसन्सची व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. करारास कोणते नाव दिले आहे यापेक्षा पक्षकारांचा खरा हेतू काय होता हे पाहिले पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या प्रकरणात मांडले.

१९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सखाली जागेत राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्यानंतर मालकांमध्ये जागा वापरण्यास देण्याविषयी धास्ती निर्माण झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने लिव्ह अँड लायसन्स कराराला स्पष्ट स्थान दिले आणि मुदत संपल्यावर निवासी जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची सोय केली. आज शहरी महाराष्ट्रात ज्याला बोलीत 'भाडेकरार' म्हणतात तो बहुधा हाच करार असतो. करारात मालकास लायसेन्सर व जागा वापरणाऱ्यास लायसेन्सी असे संबोधले जाते.

कायदेशीर आधार

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. यातूनच अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा रूढ झाली. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणीची गरज नाही, असा समज आजही सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रापुरता हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स, करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. मुदत किती आहे याने त्यात फरक पडत नाही.

कलम ५५ मधील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. दुसरी, लेखी नोंदणीकृत करार नसल्यास जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. तिसरी, या कलमाचा भंग करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कलम २४ मालकाच्या बाजूने आहे. निवासासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या व्यक्तीस करारातील शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. अशा रीतीने नोंदणी ही दोन्ही पक्षांच्या हिताची ठरते. अनामत किती दिली, भाडे किती ठरले आणि मुदत कधी संपते या तीन प्रश्नांवरच बहुतेक वाद उद्भवतात आणि त्यांची उत्तरे नोंदणीकृत दस्तात असतात.

शंभर रुपयांच्या किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर करार लिहून तो नोटरीकडून साक्षांकित करण्याची पद्धतही प्रचलित आहे. नोटरीचे साक्षांकन आणि नोंदणी या भिन्न गोष्टी आहेत. नोटरी केल्याने कलम ५५ ची पूर्तता होत नाही.

ऑनलाइन प्रक्रियेला महाराष्ट्र ई-नोंदणी व ई-फायलिंग नियम, २०१३ यांचा आधार आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख व स्वाक्षरी यांना देशपातळीवर मान्यता माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने दिली. हा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला.

संगणकीकरणाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत दस्तनोंदणीची पद्धत ब्रिटिश काळात घालून दिलेल्या चौकटीतलीच होती. दस्त कार्यालयात सादर केला जाई, पक्षकार दुय्यम निबंधकासमोर निष्पादन कबूल करीत, आणि दस्ताची नक्कल नोंदवहीत उतरवली जाई. मूळ दस्त परत मिळण्यास बराच काळ लागत असे. २००२ च्या सुमारास 'सरिता' या संगणक प्रणालीद्वारे दस्त स्कॅन करून लगेच परत देण्याची व्यवस्था आली. त्यानंतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने विकसित केलेली 'आय-सरिता' ही केंद्रीकृत प्रणाली २०१२ पासून वापरात आली. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी ऑनलाइन भरण्यासाठी शासनाची 'ग्रास' ही महसूल जमा प्रणाली उपलब्ध झाली. या दोन्हींच्या पायावर २०१४ मध्ये भाडेकरारांची ई-नोंदणी उभी राहिली.

पहिल्या टप्प्यासाठी भाडेकराराची निवड होण्यामागे त्या दस्ताचे स्वरूप कारणीभूत होते. खरेदीखतात मालकी हक्क हस्तांतरित होतो, बाजारमूल्य तपासावे लागते आणि जुने दस्त पाहावे लागतात. भाडेकरार अल्प मुदतीचा असतो, त्यातील बहुतेक अटी ठरावीक असतात आणि शुल्काचे गणित सरळ असते. त्यामुळे ठरावीक रकाने भरून संपूर्ण दस्त तयार करणे शक्य झाले. पुढे विकासकाकडून होणाऱ्या सदनिकांच्या पहिल्या विक्रीसाठीही ई-नोंदणीची सोय करण्यात आली. गहाणखताच्या सूचनेसाठी ई-फायलिंगची स्वतंत्र व्यवस्था आहे.

एकत्रित अर्जाचे स्वरूप

जुन्या पद्धतीत पक्षकारांना मुद्रांक कागद घेणे, टंकलेखकाकडून करार लिहून घेणे, नोंदणी फीचा भरणा करणे, दस्ताची माहिती भरण्याचा तक्ता तयार करणे, ओळखपत्रांच्या प्रती जोडणे आणि दोन ओळखदारांसह कार्यालयात रांगेत उभे राहणे अशी सहा-सात कामे करावी लागत. एकच नाव चार ठिकाणी लिहिले जाई आणि एखाद्या ठिकाणी ते वेगळे लिहिले गेले तर दस्त परत येई. ई-नोंदणीत माहिती एकदाच भरली जाते. त्या माहितीवरूनच प्रणाली कराराचा मसुदा तयार करते, शुल्क मोजते आणि सूची क्रमांक २ साठी नोंद घेते.

अर्जाचे प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. मिळकतीचा तपशील: जिल्हा, तालुका, गाव किंवा शहर, इमारतीचे नाव, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ आणि वापराचा प्रकार.

२. पक्षकारांचा तपशील: मालक व भाडेकरू यांची नावे, वय, पत्ता, पॅन व आधार क्रमांक.

३. भाडे व मुदत: कराराचा आरंभ व शेवट, दरमहा भाडे, परतावा देय अनामत, वर्षागणिक वाढ असल्यास ती.

४. इतर अटी: वीज बिल, देखभाल खर्च, करार मुदतीपूर्वी संपवण्याची सूचना, तसेच पंखे, दिवे, कपाटे यांसारख्या सोबत दिलेल्या वस्तूंची यादी.

५. मसुदा पाहणे: प्रणालीने तयार केलेला करार दोन्ही पक्षांनी वाचून पाहावयाचा असतो. या टप्प्यापर्यंत दुरुस्ती करता येते.

६. भरणा: मुद्रांक शुल्क, नोंदणी फी व दस्त हाताळणी शुल्क ऑनलाइन भरले जाते.

७. निष्पादन: प्रत्येक पक्षकाराचे छायाचित्र वेबकॅमद्वारे घेतले जाते आणि अंगठ्याचा ठसा बायोमेट्रिक यंत्रावर घेऊन तो आधारच्या नोंदीशी पडताळला जातो. साक्षीदारांचीही अशीच ओळख पटवली जाते.

८. सादरीकरण: पूर्ण झालेला अर्ज दुय्यम निबंधकाकडे ऑनलाइन पाठवला जातो.

दुय्यम निबंधक दस्त तपासतात. त्रुटी आढळल्यास तो शेऱ्यासह परत पाठवला जातो. दस्त योग्य असल्यास त्यास क्रमांक देऊन डिजिटल स्वाक्षरी केली जाते. नोंदणीकृत करार व सूची क्रमांक २ पक्षकारांना संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. सूचीतील नोंद सार्वजनिक अभिलेखाचा भाग असल्यामुळे पुढे कोणासही तिचा शोध घेता येतो.

संगणक, वेबकॅम व अंगठा यंत्र असल्यास नागरिक स्वतः ही नोंदणी करू शकतात. व्यवहारात मात्र बहुतेक लोक अधिकृत सेवा पुरवठादार, वकील किंवा घरे दाखवणारे एजंट यांची मदत घेतात. त्यांचा प्रतिनिधी यंत्र घेऊन घरी येतो. शासकीय शुल्काची चलने दस्तासोबत असतात. त्याहून अधिक घेतलेली रक्कम ही सेवेचा मोबदला असते.

शुल्क

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची एकमधील अनुच्छेद ३६-अ नुसार ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आकारले जाते. हे शुल्क तीन रकमांच्या बेरजेवर मोजतात: संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी अनामत असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज. निवासी व बिगरनिवासी जागांसाठी दर समान आहे.

उदाहरणार्थ, दरमहा १०,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये अनामत व ११ महिन्यांची मुदत असल्यास भाडे १,१०,००० रुपये आणि अनामतीवरील व्याज सुमारे ४,५८३ रुपये होते. १,१४,५८३ रुपयांवर ०.२५ टक्के म्हणजे सुमारे २८६ रुपये होतात. शंभराच्या पटीत पूर्ण करून ३०० रुपये भरले जातात. हाच करार ३३ महिन्यांचा केल्यास एकूण रक्कम ३,४३,७५० रुपये व शुल्क सुमारे ८५९ म्हणजे ९०० रुपये होते. मुद्रांक शुल्कात बचत होत नसली तरी नोंदणी फी तीनदा न भरता एकदाच भरावी लागते आणि भाडेकरूला स्थैर्य लाभते.

नोंदणी फी नागरी भागात १,००० रुपये व ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. वसई तालुक्यात याचा फरक प्रत्यक्ष दिसतो. महानगरपालिका हद्दीतील नालासोपारा किंवा विरार येथील सदनिकेसाठी नागरी दर लागतो, तर ग्रामपंचायत हद्दीतील घरासाठी ग्रामीण दर लागतो.

मुंबई परिसरात 'हेवी डिपॉझिट' या नावाने एक पद्धत प्रचलित आहे. त्यात मोठी अनामत घेऊन भाडे अत्यल्प ठेवतात किंवा घेतच नाहीत. अनामतीवरील व्याज शुल्काच्या गणनेत धरण्याची तरतूद असल्यामुळे असे करारही शुल्काच्या कक्षेत येतात. अशा व्यवहारात भाडेकरूची मोठी रक्कम मालकाकडे अडकलेली असते. म्हणून संपूर्ण अनामत करारात लिहिली जाणे त्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते. रोख दिलेली व दस्तात न आलेली रक्कम पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

वसई-विरारमधील संदर्भ

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती यांचे तिच्यात एकत्रीकरण झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला व वसई तालुका त्यात आला.

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड, नालासोपारा व विरार या स्थानकांमुळे मुंबईत नोकरी करणाऱ्यांना येथे तुलनेने परवडणारे घर मिळते. वालीव, गोखिवरे व सातिवली येथील औद्योगिक वसाहतींतील कामगारही भाड्याने राहतात. पहाटेची गाडी पकडून रात्री परतणाऱ्या नोकरदाराला कामाच्या दिवशी निबंधक कार्यालयात जाणे म्हणजे एका दिवसाच्या वेतनावर पाणी सोडणे असते. घरी बसून, सुटीच्या दिवशी अंगठा देण्याची सोय या वर्गास म्हणूनच अधिक उपयोगी पडते.

शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव प्रवेशांच्या प्रक्रियेत नोंदणीकृत भाडेकराराचे महत्त्व स्पष्ट होते. शाळेपासूनचे अंतर हा या प्रवेशाचा एक निकष असल्यामुळे निवासाचा पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रात भाड्याने राहणाऱ्या पालकांकडून त्यासाठी नोंदणीकृत करार मागितला जातो. तो अर्ज भरण्यापूर्वीचा व किमान अकरा महिन्यांचा असावा लागतो. केवळ नोटरी केलेला करार असलेल्या कुटुंबाच्या पाल्याचे नाव सोडतीत निघूनही कागदपत्रांच्या पडताळणीत प्रवेश हुकू शकतो. नोंदणी टाळण्याची किंमत अशा वेळी मुलाच्या शाळेने मोजावी लागते.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हे नोंदणीहून वेगळे कर्तव्य आहे. वसई-विरारचा भाग १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत येतो. भाडेकरूंची माहिती देण्याविषयी पोलीस प्रशासन वेळोवेळी आदेश काढते. ही माहिती ऑनलाइनही भरता येते.

मर्यादा

दुय्यम निबंधक दस्ताची नोंद घेतात. इमारत अधिकृत असल्याची हमी ते देत नाहीत. नालासोपारा पूर्व येथील ४१ अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महानगरपालिकेने २०२५ च्या आरंभापर्यंत पाडल्या आणि तेथील कुटुंबे बेघर झाली. करार नोंदवलेला असला तरी अशा प्रसंगी भाडेकरूचे घर वाचत नाही. फार तर मालकाकडून अनामत परत मागण्याचा पुरावा त्याच्या हाती राहतो. बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र व मालमत्ता कराची पावती यांची पाहणी स्वतंत्रपणेच करावी लागते.

प्रक्रिया आधारवर उभी असल्याने आधार नसलेल्या पक्षकारांना पारंपरिक पद्धतीने कार्यालयात जावे लागते. वृद्ध व्यक्ती आणि हातांनी कष्टाची कामे करणारे कामगार यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असल्याने ठसा न जुळण्याची अडचण येते.

माहिती एकदाच भरली जाते, हा या अर्जाचा मोठा गुण आहे आणि धोकाही त्यातच आहे. सुरुवातीच्या रकान्यातील चूक मसुदा, सूची व शुल्क या सर्व ठिकाणी उतरते. अर्ज दुसऱ्याने भरला असेल तर पक्षकार मसुदा न वाचताच अंगठा देतात. नाव, सदनिका क्रमांक, अनामत व मुदत हे तपशील ठशापूर्वी तपासले नाहीत तर नोंदणीनंतर दुरुस्तीसाठी नव्याने दस्त करावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीशी संबंध

अंगठ्याच्या ठशाने होणारे निष्पादन आणि सर्वसाधारण 'ई-साइन' यांत फरक आहे. ई-साइनची पद्धत जानेवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या नियमांनी सुरू झाली. त्यात आधारद्वारे ओळख पटवून अल्पजीवी डिजिटल प्रमाणपत्र तयार होते आणि त्याने दस्तावर स्वाक्षरी केली जाते. अशी स्वाक्षरी करार वैध करण्यास पुरेशी असली, तरी जेथे कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे तेथे ती नोंदणीची जागा घेत नाही. मृत्युपत्र व न्यासपत्र हे दस्त तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कक्षेबाहेरच ठेवण्यात आले आहेत.

भारताच्या कायद्याला संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाच्या १९९६ मधील नमुना कायद्याचा आधार आहे. अमेरिकेने २००० मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीचा कायदा केला आणि युरोपीय संघात यासंबंधीचे नियम २०१६ पासून लागू झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू अधिनियमातही मालक व भाडेकरू यांनी संयुक्तपणे, ठरावीक नमुन्यात आणि डिजिटल मंचावर भाडे प्राधिकरणास कराराची माहिती देण्याची कल्पना आहे. तो नमुना कायदा असल्यामुळे राज्यांनी स्वीकारल्यावरच लागू होतो. महाराष्ट्रात लेखी व नोंदणीकृत कराराची सक्ती त्याच्या दोन दशके आधीपासून आहे.